पंढरीने न केलेले दरवाजे

विमान घरच्या घरी बनवता येतं, ही बातमी पंढरी मढवीला वयाच्या पन्नासाव्या वर्षी लागली. आधी त्याला ती थट्टाच वाटली. त्याच्या बोनकोडे गावात लोक घरी पापड करतात, मसाला करतात, फार तर गणपतीचं मखर करतात. पण तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याचं शटर वर गेलं, आणि आत खरोखरच विमानाचं धड लोखंडी स्टँडवर चढवून ठेवलेलं होतं. पंख नव्हते, इंजिन नव्हतं, आणि दरवाजांच्या जागी दोन्ही बाजूंना दोन मोठाली भगदाडं होती. पंढरीने पहिला प्रश्न विचारला तो हा, की हे शटरातून बाहेर काढणार कसं. सबनीस साहेब हसले आणि म्हणाले, पंख बाहेर नेऊन लावायचे.

जयप्रकाश सबनीस खारघरला राहायचे. चाळीस वर्षं यंत्रांच्या कंपनीत काढून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं योगासनं करतात, सोसायटीच्या कमिटीत शिरून पार्किंगवरून भांडतात. साहेबांनी परदेशातून चार माणसांच्या विमानाचे सुटे भाग मागवले. खोटं कशाला बोला, पत्र्याचं सगळं धड त्यांनी स्वतः रिव्हेट मारून उभं केलं होतं आणि सुबक केलं होतं. अडलं ते दरवाजांपाशी. केबिनचं छप्पर आणि दरवाजे फायबरचे. प्रत्येक दरवाजाची दोन कवचं, ती एकमेकांना चिकटवायची, कडा कापायच्या, आणि वर उघडणारा तो वाकडा तुकडा त्या वाकड्या भोकात असा बसवायचा की नख जाता कामा नये. पुढे एक पिन, मागे एक पिन. हँडल फिरवलं की दोन्ही चौकटीत घुसल्या पाहिजेत. मागची पिन बाहेर राहिली तर हवेत दरवाजा उपटून जातो. साहेबांनी स्वतःच्या हाताने एक दरवाजा बसवायला घेतला आणि त्याची वाट लावली. नवीन कवचं यायला आठ महिने लागले. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, बोनकोड्यात एक मढवी आहे, फायबरच्या होड्या करायचा.

करायचा, हे खरं. बापाची भातशेती नव्या शहरासाठी कोपरखैरण्याच्या सेक्टरांखाली गेली तेव्हा पंढरी अजून जन्माला यायचा होता, त्यामुळे शेतीचं सुखदुःख त्याला ऐकीव. तो दिवाळ्याच्या कोळीवाड्यात मामाकडे फायबर शिकला आणि पंधरा वर्षं त्याने होड्या केल्या. पुढे खाडीत मासळी कमी झाली, होड्यांची मागणी आटली, तेव्हा तो तळोज्याला रसायनांच्या टाक्यांना आतून फायबर चढवायच्या कामाला लागला. दहा वर्षांनी तो कारखानाही बंद पडला. हाताशी राहिलं काय, तर रेझिनने पिवळी पडलेली नखं आणि सकाळचा खोकला.

आणि एक आशा राहिली होती. तिकडे उलव्याजवळ नवं विमानतळ उभं राहिलं. गावातली पोरं तिथे चिकटली, कुणी ट्रॉल्या ढकलायला, कुणी फरशी पुसायला. पंढरीला तसलं नको होतं. विमानतळावर फायबरची डागडुजी करणाऱ्या एका ठेकेदाराकडे मिस्त्रीची जागा निघते, अशी पक्की खबर त्याच्याकडे होती. वयाची अट नव्हती. अट एकच: विमानाचं फायबरकाम केल्याचा लेखी दाखला. होड्यांचा चालत नाही, टाक्यांचा चालत नाही. पंढरीला आयुष्यात एकदा गळ्यात ओळखपत्र घालून मिस्त्री म्हणून गेटातून आत जायचं होतं. बस, एवढंच. म्हणून सबनीसांनी रोज किती घेशील असं विचारलं, तेव्हा तो रोजाचं बोललाच नाही.

"तुमी द्याल ते द्या. पन सायेब, काम झाल्यावर मना दाखला पायजे. विमानाचे दरवाजे मी केलं, असा."

"अरे, एवढंच ना?" साहेब म्हणाले. "लेटरहेडवर देतो. असं लेटर देतो की विमानतळवाले तुला घरी न्यायला येतील. टेन्शनच घेऊ नकोस."

पंढरीने टेन्शन घेतलं नाही. तिथेच त्याचं चुकलं.

कामाला हात घातला तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघांचं वाजलं. पुस्तकात लिहिलं होतं, धड स्टँडवर असताना दरवाजा कापून बसवा. पंढरी म्हणाला, नाही. होडीचं झाकण जमिनीवर घासून बसवलं तर ती पाण्यात बसल्यावर झाकण अडकतं, कारण वजन आलं की होडीचं अंग बदलतं. आधी होडी पाण्यात, वर माणसं, मग झाकण. साहेब म्हणाले, ही होडी नाही. पंढरीने ऐकून घेतलं, स्टँडवर पुस्तकाप्रमाणे एक दरवाजा अगदी फिट बसवून दाखवला, कड मात्र पुढे घासता यावी म्हणून दोरीच्या जाडीएवढी जास्त ठेवली. मग त्याने धड चाकांवर उतरवायला लावलं, चारही सीटवर वाळूच्या गोणी ठेवल्या आणि म्हणाला, आता लावा. दरवाजा मागच्या कोपऱ्यात वर बोटभर उघडा राहिला. साहेबांनी त्या फटीत बोट घालून बघितलं. त्या दिवसापासून त्यांनी पुस्तक कपाटावर ठेवलं.

पुढे सात महिने पंढरीने ते दोन दरवाजे केले. चौकटीच्या कडेला गेरू लावायचा, दरवाजा मिटायचा, उघडायचा, दरवाजावर जिथे लाल उमटेल तेवढंच घासायचं. पुन्हा गेरू, पुन्हा मिटणं. दिवसाला तीसतीस वेळा. घाईचं काम नव्हतंच ते. फायबरची भुकटी भुवयांत बसायची, घरी गेल्यावर बायको शांती त्याला मागच्या मोरीत अंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसे. पण काम असं साधत गेलं की साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून, पंढरीला दरवाजा मिटायला लावून त्याचा आवाज ऐकवायचे.

आता फोटोंची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं पाणी तिथेच मुरलं. घरी बनवलेल्या विमानाचा नियम असा, की ज्याच्या नावावर ते उडणार त्याने निम्म्याहून जास्त काम स्वतःच्या हातांनी केलेलं हवं. पगारी कारागिराचं काम त्यात धरत नाहीत. साहेबांचं पत्र्याचं काम निम्म्याच्या आसपास भरत होतं, दरवाजे आणि छप्पर धरलं तरच पुढे सरकत होतं. म्हणून रोज संध्याकाळी साहेब हातमोजे घालून दरवाजापाशी उभे राहायचे, हातात पंढरीची घासणी घ्यायचे, आणि पंढरीला फोन द्यायचे. फोटो पंढरीनेच काढायचा. त्यामुळे सात महिन्यांच्या नोंदवहीत दरवाजांचे दोनशे फोटो आहेत आणि एकातही पंढरी नाही. "फॉर्मॅलिटी आहे रे," साहेब म्हणायचे. पंढरीलाही त्यात काही वाईट वाटलं नाही. लग्नातही फोटो काढणारा फोटोत नसतो, एवढाच त्याचा विचार.

साहेब लबाड होते असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. तसे ते नव्हते. डबा वाटून खायचे, पंढरीच्या खोकल्यासाठी चांगल्यातला मास्क आणून दिला. पण रोज रात्री तेच फोटो बघून, खाली स्वतःच्या अक्षरात 'आज मागची कड घासली' असं लिहून लिहून, त्यांना हळूहळू खरंच वाटू लागलं होतं की कड आपणच घासली. पाहुण्यांना ते 'मी' म्हणून सांगायचे आणि सांगताना अडखळायचे नाहीत. पंढरी बाजूला उभा राहून ऐकायचा.

आणि पंढरीने काय केलं? होडी करणाऱ्यांची एक रीत असते. शेवटचा थर टाकायच्या आधी कारागीर एका कागदाच्या चिठ्ठीवर आपलं नाव, गाव आणि तारीख लिहितो, ती ओल्या रेझिनवर ठेवतो आणि वरून थर चढवतो. कागद रेझिन पितो आणि दिसेनासा होतो, अक्षरं तेवढी आत राहतात. होडी फुटली, वाहून गेली, रंगवलेलं नाव पुसलं, तरी त्या चिठ्ठीवरून लोक कारागिराच्या दारात येतात आणि जाब विचारतात. मिरवण्यासाठी नाही ती, जाब देण्यासाठी आहे. चिठ्ठी न घालता होडी पाण्यात सोडणारा कारागीर गावात तोंड वर करून फिरू शकत नसे. पंढरीने मागच्या पिनेभोवती मजबुतीचा शेवटचा थर टाकला तेव्हा दोन्ही दरवाजांत चिठ्ठ्या घातल्या. त्याने साहेबांना विचारलं नाही, कारण ही विचारायची गोष्ट असते हेच त्याला ठाऊक नव्हतं.

रंग चढवण्याआधी तपासणी ठरली. मंगळवारी उड्डाणाची परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याचे तपासनीस येणार. सोमवारी साहेबांनी पंढरीला सांगितलं, "उद्या तू येऊ नकोस. उगाच प्रश्न नकोत."

पंढरी हो म्हणाला. पण घरी त्याला स्वस्थता नव्हती. त्या सोमवारीच चौकटीला नवीन रबर बसवलं होतं. रबर दबेपर्यंत मागची पिन सहज जात नाही. खालच्या कोपऱ्यावर तळहात दाबून धरायचा, मग हँडल फिरवायचं. हे त्याने साहेबांना तीनदा सांगितलं होतं आणि साहेबांनी तिन्ही वेळा मान हलवली होती. पण साहेबांनी तो दरवाजा स्वतः कधी मिटलाच नव्हता. मंगळवारी नऊ वाजता पंढरी रिक्षा करून गाळ्यावर हजर झाला.

त्याला बघून साहेबांचा चेहरा उतरला. रस्त्यावर तपासनिसांची गाडी थांबत होती, आता त्याला परत पाठवायला वेळ नव्हता. त्यांनी कोपऱ्यातला झाडू त्याच्या हातात कोंबला.

"आलास ते आलास. हा धर, मागे उभा राहा आणि तोंड उघडू नकोस."

तपासनीस नागपूरकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. तासभर त्यांनी पत्र्याचं काम बघितलं, समाधानाने मान हलवली, नोंदवही चाळली. मग म्हणाले, "दरवाजा लावून दाखवा."

सबनीसांनी दरवाजा खाली ओढला, हँडल फिरवलं. पुढची पिन गेली. मागची बाहेर. त्यांनी उघडून पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी हँडल असं पिरगाळलं की पिनेचं टोक चौकटीच्या कडेवर घासलं, आणि तो आवाज पंढरीला सहन झाला नाही. सात महिने केसाकेसाने घासलेली कड ती. झाडू टाकून तो पुढे झाला, साहेबांचा हात बाजूला केला, खालच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून दाबला आणि हँडल फिरवलं. दोन्ही पिना खटकन आत गेल्या. हे सगळं करून झाल्यावर आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

तपासनिसांनी आधी दरवाजाकडे बघितलं, मग पंढरीच्या नखांकडे. खिशातून टॉर्च काढून ते आत सीटवर बसले आणि दरवाजाचं आतलं अंग कडेकडेने बघू लागले. मागच्या पिनेपाशी टॉर्च थांबली.

"पंढरी बाळू मढवी, बोनकोडे," त्यांनी वाचलं. "हे कोण?"

सबनीसांनी खाली पडलेल्या झाडूकडे बोट केलं. "हाच. हा आमचा... शेड सांभाळतो. झाडझूड वगैरे."

तपासनीस बाहेर आले. ते पंढरीशी बोलले ते मात्र सबनीसांशी बोलले होते त्याहून मऊ आवाजात. "दरवाजे तुम्ही केलेत का? खरं सांगा. तुमच्यावर काही येणार नाही. फक्त तसं नोंदवावं लागेल, आणि यांचा परवानगीचा अर्ज मागे जाईल."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणी सरकारी माणूस पंढरीला 'तुम्ही' म्हणून विचारत होता की हे काम तुमचं का. होय म्हणायला एक शब्द लागत होता. त्याने सबनीसांकडे बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. धमकी नव्हती त्या डोळ्यांत, नुसती विनवणी होती. पंढरीला त्यांची दया आली. आणि दयेच्या मागोमाग, खोटं का बोला, दाखलाही आठवला. अर्ज मागे गेला तर हा माणूस आपल्याला कसला दाखला देतो.

"नाय सायेब," पंढरी म्हणाला. "मी झाडू मारतो."

"मग हे नाव?"

"हौस केली. सायेब जेवाला गेलं व्हतं, रेझिन वला व्हता. चिठ्ठी टाकली. चुकला माजा."

तपासनिसांना पटलं नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण पटणं वेगळं आणि कागद वेगळा. त्यांनी सबनीसांकडून कोरा कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या: मी या शेडमध्ये फक्त साफसफाई करतो, विमानाच्या कोणत्याही कामात माझा सहभाग नाही. पंढरीने खाली सही केली. सही एका फटक्यात झाली, आणि याचाच त्याला नंतर फार राग यायचा.

जाताना तपासनीस दरवाजावर थाप मारून म्हणाले, "ज्याने केलं असेल त्याने झकास केलं आहे. तेवढं नाव घासून काढा."

ते पंढरीलाच काढावं लागलं. मजबुतीचा थर खरवडून दोन्ही चिठ्ठ्या काढल्या, नवा थर चढवला. या वेळी आत काही घातलं नाही. नोंदवहीसाठी फोटो हवाच होता. साहेबांनी ग्राइंडर हातात धरला, पंढरीने फोटो काढला.

दाखल्यासाठी पंढरी पंधरा दिवस थांबला. मग खारघरला साहेबांच्या घरी गेला. साहेबांच्या बायकोने, नंदिनीबाईंनी, चहा दिला, साहेबांनी आत जाऊन पाकीट आणलं. पंढरीने तिथेच उघडून वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

"सायेब, ह्यात दरवाजांचा काय नाय."

"पंढरी, समजून घे." साहेब त्याच्याकडे न बघता बोलत होते. "त्यांच्या फाईलमध्ये तुझ्या सहीचा कागद आहे. उद्या तुझ्या ठेकेदाराने चौकशी केली, तर? मी उलटं लिहिलं तर दोघंही खोटे पडू."

"खोटा तर येकच कागद हाय, सायेब."

"हो. पण तो आधी गेला ना."

चहा अर्धा राहिला होता, तो पंढरीने संपवला आणि निघाला.

शांती कोपरखैरण्याच्या बाजारात मासळी विकते. दुपारी तिच्या पाटीशी बसून त्याने सगळं सांगितलं. ती कोलंबी सोलत होती, सोलतच राहिली.

"त्या सायबानं इचारलं तवा तुमीच नाय बोललाव?"

"म्हाताऱ्याची कीव आली."

"आन आपली?" ती म्हणाली. "आपली कीव कोन करनार?" मग गिऱ्हाईक आलं, आणि ती भाव सांगू लागली.

त्याच आठवड्यात मिस्त्रीची जागा निघाली. पंढरी धुतलेला शर्ट घालून ठेकेदाराच्या उलव्याच्या कार्यालयात गेला. समोर मनाली नावाची मुलगी बसली होती, त्याच्या मुलीच्या वयाची असेल. तिने पाकीट उघडलं आणि मनात वाचायच्या ऐवजी हलक्या आवाजात मोठ्यानेच वाचलं, "श्री. पंढरी मढवी यांनी आमच्या शेडमध्ये आठ महिने साफसफाई व देखरेखीचे काम अत्यंत प्रामाणिकपणे केले आहे."

"ताई, मी फायबरचा मिस्त्री हाय," पंढरी म्हणाला. "पंचवीस वर्सं. होड्या केल्या, टाक्या केल्या. विमानाचे दरवाजे..." तो थांबला.

"दरवाजे काय, काका?"

तिच्या टेबलावर त्याचा दाखला होता. सरकारी फाईलमध्ये त्याची सही होती. दोन्ही कागदांचं म्हणणं एकच होतं, आणि त्यांच्या विरोधात होतं ते फक्त त्याचं तोंड.

"काय नाय."

"फायबरच्या जागेला विमानावरचा अनुभव लागतो हो, काका. माझ्या हातात नाही ते." तिला खरंच वाईट वाटलं असावं. तिने पुन्हा दाखल्यावरून नजर फिरवली आणि तिचा चेहरा जरा उजळला. "पण हे लेटर खूप चांगलं आहे. हाऊसकीपिंगमध्ये आहे जागा. आजच घेतील तुम्हाला. भरताय फॉर्म?"

तिने फॉर्म आणि पेन पुढे केलं. मागे रांगेत गावचीच दोन पोरं होती, ती ओळखून नमस्कार करत होती. पंढरीने नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख लिहिली. खाली एक ओळ होती, पूर्वीच्या कामाचा अनुभव. पिवळ्या नखांच्या बोटांत पेन धरून त्याने तिथे सावकाश, नीट अक्षरात, साफसफाई असं लिहिलं.